रक्तासारखं वाहणारं चॉकलेट

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’मधला न्हाणीघरातला खून एकदा पाहिला की विसरता येत नाही. पांढरा टब, अंगावर कोसळणारं शॉवरचं पाणी आणि त्या पाण्यात मिसळून गोल गोल फिरत निचऱ्याच्या भोकात उतरणारी काळी धार. १९६० सालचा तो कृष्णधवल चित्रपट, आणि ती धार चॉकलेट सिरपची.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५९ मध्ये, कॅसन नावाच्या संशोधकाने छपाईच्या शाईसाठी एक समीकरण मांडलं होतं. तेलात रंगाचे बारीक कण असले, तर ते मिश्रण कसं वाहतं, हे सांगणारं. पुढे हे समीकरण शाईपेक्षा फार वेगळ्या दोन पदार्थांना लागू पडलं. एक वितळलेलं चॉकलेट, दुसरं माणसाचं रक्त! (सिरप म्हणजे साखरेच्या पाण्यात कालवलेला कोको, समीकरण लागू होतं ते खऱ्या, वितळलेल्या चॉकलेटला.) रक्तात तांबड्या पेशी असतात, चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कण. दोन्हीकडे हे कण स्थिर असताना एकमेकांना धरून बसतात. ठरावीक जोर लावेपर्यंत जागचे हलत नाहीत. एकदा हलले की जितकं जोरात ढकलावं तितकं मिश्रण पातळ होत जातं. हे कळल्यापासून हॅलोवीनच्या पार्टीसाठी चॉकलेटइतका योग्य पदार्थ दुसरा नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरचा. त्याची मुळं आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या ‘साउन’ या हंगाम संपण्याच्या सणात शोधली जातात. उन्हाळा सरतो, अंधाराचे दिवस सुरू होतात आणि त्या रात्री मेलेल्यांची आणि जिवंतांची हद्द पुसट होते, अशी समजूत. तिकडे सलगम पोखरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना पोखरायला सोपा असा भला मोठा भोपळा सापडला. आज अमेरिकेतल्या मराठी घरांत हा सण आणि दिवाळी बऱ्याचदा हातात हात घालून येतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशीच ३१ ऑक्टोबरला होती; पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुताचा पोशाख.

पार्टीतला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात देखणा पदार्थ म्हणजे कोळ्याचं जाळं काढलेली ब्राउनी. ब्राउनी नेहमीची करा आणि पूर्ण गार होऊ द्या. १०० मिली क्रीम उकळी फुटेपर्यंत तापवून १५० ग्रॅम चिरलेल्या डार्क चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं थांबा आणि मधून बाहेरच्या दिशेने ढवळत या. हे झालं गनाश. ते ब्राउनीवर पसरा. ओलं असतानाच बटर पेपरच्या कोनातून वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटची एकात एक वर्तुळं काढा, टूथपिक मध्यभागी टेकवा आणि कडेपर्यंत ओढा. पुन्हा मध्यातून, पुन्हा कडेपर्यंत. आठ रेघा झाल्या की जाळं तयार.

आता नीट बघा. टूथपिक जिथून गेली तिथे पांढरी रेघ बाहेर ओढली गेली, तिला टोक आलं, पण पांढरं आणि काळं एकमेकांत मिसळलं नाही. पाण्यात शाईचा थेंब टाकून काडी फिरवली असती, तर भोवरे उठून क्षणात सगळं राखाडी झालं असतं. इथे द्रव इतका दाट आणि काडी इतकी सावकाश, की भोवरे उठतच नाहीत. थरावर थर नुसते सरकतात. आणि काडी पुढे गेली की मागचा जोर संपतो, कण पुन्हा एकमेकांना धरतात आणि रेघ होती तशी थांबते. कॅसनचं समीकरण आपल्या ब्राउनीवर उमटलेलं असतं. म्हणून एकच पथ्य पाळायचं: दोन्ही चॉकलेटं साधारण सारखीच दाट हवीत. गनाश आळून गेलं असेल तर रेघ तुटते, पांढरं चॉकलेट फार गरम असेल तर ते पसरतं.

जाळ्यावर कोळी हवाच, आणि त्याचे पाय उभे राहायला हवेत. इथे चॉकलेटचं खरं आश्चर्य सुरू होतं.

कोको बटर, म्हणजे कोकोच्या बीतला स्निग्ध भाग, एका नाही तर सहा प्रकारे गोठतो. पदार्थ तोच, रेणू तेच. फक्त ते एकमेकांशेजारी कसे रचून बसतात हे बदलतं. सगळ्यात ढिली रचना १७ अंशांच्या आसपासच वितळते. चौथी २७-२८ अंशांना, पाचवी ३४ च्या जवळ, सहावी ३६ च्या. आपल्याला हवी असते फक्त पाचवी. ती चकचकीत दिसते, मोडताना कट्‌कन आवाज करते, बोटांवर लगेच वितळत नाही, पण ३७ अंशांच्या तोंडात गेली की विरघळते. चॉकलेट नुसतं वितळवून थंड केलं तर ढिल्या रचना आधी जमतात, आणि कोळ्याचे पाय मऊ, मळकट होऊन वाकतात.

मग पाचवीच कशी मिळवायची? तयार चॉकलेटच्या वडीत ती असतेच. दोनतृतीयांश डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवा, म्हणजे जुन्या सगळ्या रचना मोडतात. मग उरलेलं एकतृतीयांश बारीक चिरून त्यात घाला आणि ढवळत राहा. दुधाला विरजण लावतो तसंच हे: थोड्याशा तयार स्फटिकांकडून बाकीचे रेणू बसायची रीत शिकतात. तापमान ३१-३२ अंशांवर आलं की काम झालं. हे दोन अंश इतके महत्त्वाचे का? कारण त्या तापमानाला चौथी आणि तिच्या खालच्या सगळ्या रचना टिकूच शकत नाहीत, आणि पाचवी वितळत नाही. तापमानच चाळणीचं काम करतं! दूध चॉकलेटला हा आकडा एखाद-दोन अंशांनी खाली, पांढऱ्याला आणखी थोडा खाली. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर यासाठी पुरतो. ३२ अंशांचं चॉकलेट ओठाला लावलं तर किंचित गार लागतं, ही जुनी खूणही उपयोगी पडते.

बटर पेपरवर या चॉकलेटचे वाकडे पाय काढा, वटवाघळांचे पंख काढा, थंड जागी पंधरा मिनिटं ठेवा. कागदावरून ते आपोआप सुटतात, कारण पाचवी रचना घट्ट बसताना किंचित आकसते.

आपल्याकडे बेकिंगच्या दुकानांत मिळणाऱ्या ‘कंपाउंड’मध्ये हा खटाटोप नाही. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य स्निग्धं असतात, ती वितळवून ओतली की नीट गोठतात. मुलांसोबत घाईत करायचं असेल तर तेच घ्या. पण जिभेवर मागे राहणारा मेणचट थर मला तरी चालत नाही.

काळ्या रंगाकडे येऊ. साधा कोको तपकिरी आणि आम्लधर्मी असतो. नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेन घराण्याने १८२८ मध्ये कोकोतून स्निग्धांश पिळून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करायची पद्धतही त्याच घराण्याची. अल्कलीने आंबटपणा जातो आणि रंग गडद होतो. प्रक्रिया फार पुढे नेली की मिळतो काळा कोको, ज्याने ओरिओ बिस्किटं काळी होतात. कबरस्तानाच्या मातीसारखा काळा केक हवा तर हाच घ्यायचा. मात्र सगळा नको, चौथा हिस्सा पुरे, कारण त्याला चव कमी असते. आणि एक लक्षात ठेवायचं: खाण्याच्या सोड्याला फुलायला आम्ल लागतं. साध्या कोकोत ते असतं. काळ्यात ते उरलेलं नसतं, तिथे बेकिंग पावडर वापरावी लागते.

त्या यंत्रातून पिळून निघालेल्या कोको बटरचं काय झालं, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये ते कोको आणि साखरेत मिसळून साच्यात ओतलं आणि खायची चॉकलेटची वडी तयार झाली. तोवर चॉकलेट प्रामुख्याने प्यायची गोष्ट होती. आणि पांढरं चॉकलेट म्हणजे तेच कोको बटर, दूध आणि साखर, तपकिरी कण अजिबात नाहीत. म्हणजे काळा केक आणि त्यावरचं पांढरं जाळं एकाच बीचे दोन भाग. बी मूळची दोन्ही मिळून होती. माणसाने ती पिळून वेगळी केली आणि आता ताटलीवर पुन्हा एकत्र आणली.

भुतं करायची तर अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर घट्ट फेसून टोकदार ढीग घालायचे आणि ओव्हनमध्ये ९०-१०० अंशांवर दीड-दोन तास सुकवायचे. अंडं नको असेल तर काबुली चणे उकडलेलं दाट पाणीही तसंच फेसतं. बाजारातली मार्शमेलो वितळवून, बोटांत ताणून खरीखुरी जळमटं काढता येतात, पण त्यात बहुधा जिलेटिन असतं; शाकाहारी पाहुणे असतील तर पाकीट वाचून घ्या. आणि घरात कुत्रा असेल तर ही सगळी ताटं उंचावर: चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं, आणि ते त्याला विषारी ठरतं.

वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब पडले की ते एकदम गोळा होतं, रवाळ होतं. साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. नवल असं, की उपायही पाणीच: थेंबभर नाही, चमचे-चमचे गरम पाणी किंवा क्रीम घालून ढवळलं की साखर विरघळते, स्निग्धांश पाण्यात पसरतो आणि पुन्हा मऊ गुळगुळीत मिश्रण मिळतं. त्याचे कोळी होणार नाहीत, ब्राउनीवर ओतायला ते उत्तम.

उरलेली वटवाघळं डब्यात ठेवली तर काही महिन्यांनी त्यांच्यावर पांढुरकी साय दिसू लागते. ती बुरशी नव्हे. स्निग्धांश वर आलेला असतो आणि पाचवी रचना हळूहळू सहावीकडे सरकत असते, जी थेट वितळलेल्या चॉकलेटमधून सहसा मिळत नाही, फक्त वाट पाहून मिळते. खायला हरकत नाही, पण कट्‌कन मोडायची मजा गेलेली असते. ती परत हवी तर सगळी वटवाघळं पुन्हा ४५ अंशांवर वितळवा, थोडं नवं चॉकलेट चिरून घाला आणि ३१ वर आणा. असं कितीही वेळा करता येतं.