रूथचे स्वयंपाकघर

पंगतीची तयारी करणाऱ्या गृहिणीचे मन एकाच वेळी किती ठिकाणी असते! भात, आमटी, कोशिंबीर, ताटे, पाणी. तरी सारे वेळेवर जुळून येते. त्यात विशेष काही आहे, असे आपल्याला वाटतही नाही.

ते किती अवघड आहे, हे मेंदूचे शस्त्रवैद्य डॉ. वाइल्डर पेनफील्ड यांना बहिणीच्या स्वयंपाकघरात उमगले. रूथला अनेक वर्षे फेफरे येई. १९२८ साली माँट्रिअलला भावानेच तिच्या मेंदूतली गाठ काढली. तिच्याबरोबर उजव्या बाजूच्या पुढल्या भागाचा मोठा हिस्साही गेला. बोलणे, प्रेमळपणा शाबूत राहिला. पुढे एकदा तिने भावाला जेवायला बोलावले. दिवसभर खपूनही ऐन वेळी ती गोंधळून उभी! जिन्नस सारे हजर, स्वयंपाक मात्र अर्धवट. गाठ पुन्हा वाढली आणि १९३१ साली ती गेली.

मेंदू म्हणजे एक विणलेले जाळेच. गाठीभोवतालच्या पेशी नको तितक्या उत्तेजित होतात आणि फेफरे येते. पण गाठीपासून दूरच्या केंद्रांमधले दुवेही बदलतात. म्हणून स्मरण, लक्ष, नियोजन डळमळते.

प्रत्येक फेफऱ्यामागे गाठ नसते. तरी मोठेपणी प्रथमच झटका आला, तर कांदा किंवा चप्पल हुंगवीत बसू नये. रोग्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि डॉक्टर गाठावा. पुढे त्या माणसाच्या हातून कामे अर्धवट राहू लागली, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी रूथचे स्वयंपाकघर आठवावे.