दोन खुर्च्या, एक पियानो आणि शंभर डॉलर

‘शनिवारी रात्री दोघांसाठी एखादा जॅझ क्लब सुचवा. बजेट शंभर डॉलर. रोमँटिक हवा.’ न्यूयॉर्क आणि जर्सी सिटीत शिकायला आलेल्या आम्हा मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न येतो. बजेट कमी-जास्त होतं, ‘रोमँटिक’ मात्र कायम. उत्तरंही ठरलेली. कुणी ‘ब्लू नोट’ची लिंक टाकतं, कुणी ‘ला ला लँड’मधला फोटो आणि एखादा महाभाग एडिसनमधल्या चाटवाल्याचा पत्ता देतो, वर ‘एवढ्यात दहा जण जेवतील’ असा हिशेबही.

हे सगळे सल्ले क्लबच्या नावापासून सुरू होतात. माझ्या मते सुरुवात उलट्या बाजूनं करायला हवी. त्या रात्री तुम्हा दोघांना बोलायचंय, की नुसतं शेजारी बसायचंय? कारण इथल्या चांगल्या जॅझ क्लबमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमत नाहीत.

ग्रीनविच व्हिलेजमधला ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ घ्या. 1935 मध्ये मॅक्स गॉर्डन यांनी सुरू केलेला हा क्लब जॅझवाल्यांचं पंढरपूर आहे. सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू साउथवर लाल छत दिसतं, अरुंद जिना उतरायचा, खाली पाचरीच्या आकाराचं तळघर. जागा जेमतेम सव्वाशे लोकांची. जेवण मिळत नाही. वादन सुरू झालं की बोलायचं नाही, मोबाइल काढायचा नाही, फोटो घ्यायचा नाही. सेट साधारण सव्वा तासाचा. म्हणजे नुकती ओळख झालेल्या दोघांनी सव्वा तास एकमेकांशी अवाक्षर न बोलता बसायचं, तेही अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून. एखाद्या जोडीला हे झेपतं, एखादी जोडी दुसऱ्या ट्यूनपासून घड्याळ बघायला लागते.

गंमत म्हणजे याच तळघरातलं जगप्रसिद्ध रेकॉर्डिंग लोकांच्या गप्पांनी भरलेलं आहे. 25 जून 1961, रविवार. पियानोवर बिल इव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपारी आणि रात्री मिळून त्यांनी पाच सेट वाजवले आणि ते सगळे ध्वनिमुद्रित झाले. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ हा अल्बम त्यातूनच निघाला. हेडफोन लावून ऐका. ग्लास वाजतात, कुणीतरी हसतं, मागच्या टेबलावर गप्पा चाललेल्या असतात. दहा-अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, वय 25. त्या दुपारी बडबड करणाऱ्या मंडळींना समोर काय घडतंय याची कल्पना असायचं कारणच नव्हतं. त्यांच्यातही डेटवर आलेलं कुणी असेल. मला त्यांचा राग येत नाही. उलट त्या आवाजांमुळे ती खोली खरी वाटते. पण आज तुम्ही तसं बोलायला गेलात तर शेजारचे आजोबा ‘शूऽऽ’ करतील आणि तुमची रात्र तिथंच संपेल.

म्हणून क्लबच्या नावाआधी त्या दिवशी बँडमध्ये किती जण आहेत ते बघा. सोमवारी व्हॅनगार्डमध्ये मोठा ऑर्केस्ट्रा असतो. थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी 1966 मध्ये सुरू केलेली ही परंपरा अजून चालू आहे. त्या छोट्या खोलीत एवढी सगळी ट्रम्पेट्स, ट्रॉम्बोन्स, सॅक्सोफोन्स एकदम वाजली की छातीत धडधड होते, आणि ती प्रेमाचीच असेल असं नाही. याउलट पियानो आणि बास एवढंच असेल तर खोली आपोआप लहान होते, माणसं पुढे झुकून ऐकतात.

या दोन वाद्यांच्या जोडीमागे कायद्याचाही हात आहे. न्यूयॉर्कमध्ये 1926 पासून ‘कॅबरे लॉ’ होता. खास परवाना नसलेल्या ठिकाणी नाचायला बंदी आणि संगीतावरही बंधनं. अगदी 1980 च्या दशकापर्यंत बिनपरवान्याच्या छोट्या बारमध्ये ड्रम्स किंवा सॅक्सोफोन चालत नसे. मग मालक पियानो आणि बास ठेवायचे, आणि त्यातून या शहराची मध्यरात्रीची एक खास शैलीच उभी राहिली. याच काळात वादकांना पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ घ्यावं लागायचं. थेलोनिअस मंकचं कार्ड 1951 मध्ये गेलं आणि पुढची जवळपास सहा वर्षं हा माणूस स्वतःच्या शहरातल्या क्लबांत वाजवू शकला नाही. कार्डाची पद्धत 1967 मध्ये बंद झाली, नाचावरची बंदी उठायला मात्र 2017 उजाडलं.

हे वाचताना मला मुंबई आठवते. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. तिथलं जॅझ होतं नाचण्यासाठी. साहेबलोक, संस्थानिक, श्रीमंत पारशी जोडपी बॉलरूममध्ये गिरक्या घ्यायची. पुढे गोव्याच्या वादकांनी हे संगीत आपलंसं केलं. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनिओ झेवियर वाझ, रात्री हॉटेलात वाजवायचा आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (1951) तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. तेव्हा ‘आपल्याला जॅझमधलं काही कळत नाही’ असं म्हणून घाबरू नका. आजीच्या आवडत्या गाण्यांमधून ते तुमच्या कानावर कधीच पडलंय.

आता प्रत्यक्ष निवड. व्हॅनगार्डपासून दोन-तीन मिनिटांवर, वेस्ट टेन्थ स्ट्रीटवर, काही पावलांच्या अंतरानं दोन तळघरं आहेत. ‘स्मॉल्स’ 1994 पासूनचा (मधे काही काळ बंद होता), ‘मेझ्रो’ 2014 चा. ‘स्मॉल्स’मध्ये रात्री उशिरा जॅम सेशन असतं. तरुण वादक आपापली वाद्यं घेऊन रांगेत उभे असतात, त्यातले बरेचसे तुमच्यासारखेच विद्यार्थी. वातावरण मोकळंढाकळं. नुकती ओळख झाली असेल तर मी इथंच पाठवेन. मागे उभं राहता येतं, दोन ट्यूनच्या मधे चार शब्द बोलता येतात, आणि नाहीच जमलं तर फार तमाशा न करता निघता येतं. ‘मेझ्रो’ म्हणजे पियानोची खोली. बहुतेकदा दोघं किंवा तिघं वाजवतात, आणि इथं गप्प बसूनच ऐकायचं असतं.

माझ्या रूममेटचा मित्र टेक्सासहून चार महिन्यांनी भेटायला येणार होता, दोन दिवसांसाठी. तिच्या यादीत ‘ब्लू नोट’ पहिला होता. मोठं नाव, मोठे कलाकार, शिवाय तिथं जेवणही मिळतं. पण तिथं टेबलं दाटीवाटीनं लावलेली असतात, माणशी किमान खर्चाची अट असते, आणि नावाजलेला कलाकार असेल तर तिकीटच बजेट खाऊन टाकतं. तिला म्हटलं, चार महिने तुम्ही व्हिडिओ कॉलवर बोलताच आहात. राहून काय गेलंय, तर न बोलता शेजारी बसणं. मग ‘मेझ्रो’चा साडेसातचा सेट ठरला. लवकरचा सेट घेण्यात एक फायदा असतो. नऊच्या आत तुम्ही रस्त्यावर असता, आणि अख्खी रात्र बोलायला मोकळी.

पैशांचं सरळ बोलू. इथं ‘कव्हर’ म्हणजे प्रवेशाचे पैसे, आणि बहुतेक ठिकाणी वर निदान एक ड्रिंक घ्यावंच लागतं. समजा कव्हर माणशी 35 डॉलर आणि ड्रिंक 12 चं. दोघांचे 70 अधिक 24. ड्रिंक्सवर 8.875 टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे दोन डॉलर, आणि वीस टक्क्यांनी टिप पाच डॉलर. झाले 101. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासच काम करता येतं. ताशी 16 डॉलर धरले तर ही संध्याकाळ म्हणजे लायब्ररीच्या काउंटरवरचे सहा तासांहून जास्त. (रुपयांत गुणाकार करू नका, घास उतरणार नाही.) त्यामुळे हा खर्च एकानं शौर्य म्हणून उचलू नये. अर्धा-अर्धा करण्यात रोमान्स कमी होत नाही, उलट पुढच्या आठवड्यात दोघांनाही जेवता येतं. ड्रिंक म्हणजे दारूच असं नाही, कोकही चालतो. एकविसाच्या आत असाल तर दारू मिळणारच नाही. आत तरी सोडतात का, हे बुकिंगआधी विचारा आणि ओळखपत्र खिशात ठेवा.

आत गेल्यावर टाळ्या कधी वाजवायच्या, ही धास्ती सगळ्यांनाच असते. ख्यालाची मैफल ऐकलेल्यांना ते लगेच कळेल. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, जसा बंदिशीचा मुखडा. मग एकेक जण त्यावर आपली उपज करतो, आणि शेवटी सगळे मुखड्यावर परततात. प्रत्येकाचं एकट्याचं वादन संपलं की दाद द्यायची. ‘क्या बात है’ तोंडून निघालं तरी कुणी वाईट मानत नाही. अर्थात हे ‘सवाई’ नव्हे. मधेच उठून बटाटेवडा आणायला जाता येत नाही. जेवण आधी किंवा नंतर उरका. सेटच्या आधी अर्धा तास पोचलात तर दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मिळतात. उशिरा गेलात तर एक पियानोजवळ, दुसरी खांबामागे, आणि मग शंभर डॉलर देऊन विरहगीत.

संगीत पटेल की नाही याची शंका असेल तर एक फुकटची युक्ती आहे. त्या वादकाचं नाव यूट्यूबवर टाका आणि दहा मिनिटं दोघांनी मिळून ऐका. ‘स्मॉल्स’ आणि ‘मेझ्रो’मधले कार्यक्रम इंटरनेटवर थेटही दाखवतात. उन्हाळ्यात इथं संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे पाच वाजलेले असतात. रात्रभर सबमिशन लिहीत बसलेल्यांसाठी वेळ उत्तमच. आणि मुंबईत असाल तर एनसीपीएच्या जॅझच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. तिथं थिएटरातल्या खुर्च्या असतात, टेबलं नाहीत, पण बाहेर पडलं की समोर समुद्र, आणि मरीन ड्राइव्हचा कव्हर चार्ज अजून तरी शून्य.

सेट संपला की इथं कुणी हाकलत नाही, पण पुढच्या सेटची माणसं जिन्यावर थांबलेली असतात, तेव्हा निघा. व्हिलेजचे रस्ते वाकडेतिकडे आहेत. मॅनहॅटनच्या बाकी चौकोनांत न हरवणारा माणूसही इथं हरवतो, आणि दोघं असतील तर ते चांगलंच. कारमाइन स्ट्रीटवर ‘जोज’मध्ये पिझ्झाची एकेक स्लाइस उभ्यानं खा. मग ख्रिस्तोफर स्ट्रीटचं पाथ स्टेशन गाठा. गाडी रात्रभर चालू असते, आपल्यासारखी शेवटच्या लोकलची धावाधाव नाही. रात्री उशिरा जर्नल स्क्वेअरची गाडी होबोकनला वळसा घालून जाते. एरवी त्या वळशाला सगळे शिव्या घालतात.