पथ्य टिकते कशाने?

दवाखान्यात साखर जास्त निघाली की पंधरा दिवस चहा बिनसाखरेचा होतो. सोळाव्या दिवशी पाहुणे येतात आणि पथ्य मोडते. कर्जतच्या कुठल्याही वस्तीत हेच ऐकू येईल. भीतीने पथ्य सुरू होते, पण भीती लवकर ओसरते.

मग खाण्यातला बदल टिकतो कशाने? याचे मोठे उदाहरण आपल्याच घरांत आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, उष्टे-शिळे मागून आणू नका. हातावर पोट असलेल्या माणसांनी ते ऐकले. बहिष्कार सोसला, पण पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. हे एकट्या आजाऱ्याचे पथ्य नव्हते. वस्त्यांनी मिळून ठरवले होते आणि त्यामागे स्वाभिमान होता.

त्या स्वाभिमानाला पुढे एक फाटा फुटला, तोही बोलला पाहिजे. मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांची आठवण नको म्हणून भाकरीच हलकी ठरली. पाहुण्याला चपाती-भात, भाकरी आजीच्या ताटात. वास्तविक लाज मागायला लावण्याची होती, त्यात ज्वारीचा काय दोष? आपला भाग तर रब्बी ज्वारीचा. ज्वारी कोंड्यासकट दळली जाते, तिच्यात तंतू भरपूर. पांढऱ्या भातापेक्षा रक्तातली साखर सावकाश चढते. अर्थात चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. ताटात भाकरी कमी आणि मटकी, हुलगा, पालेभाजी जास्त हवी. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

अडचण खरी आहे. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ, तेही जानेवारी २०२३ पासून मोफत; ज्वारी विकत घ्यावी लागते. म्हणून निदान एक वेळ भाकरी करा आणि ती सगळ्या घराने खा. आजाऱ्यासाठी वेगळा तवा ठेवला की करणारी बाई थकते, खाणारा एकटा पडतो. मुलांच्या पाच रुपयांच्या पुड्यांऐवजी फुटाणे-शेंगदाणे घरात ठेवा. साखर नसलेल्या मुलांनाही हेच जेवण चांगले.

येत्या पौर्णिमेला विहारातल्या भोजनदानात बुंदीऐवजी हुलग्याचे शेंगोळे आणि गरम भाकरी ठेवून बघा. पाहुण्यांनाही तेच वाढा, आणि पहिल्या पंगतीत.