चारशे बारा सरक्या

आर्णीत एका ओळखीच्या घरी निरांजनात लावलेली फुलवात पाहिली. बूड गोल आणि सगळीकडे सारख्याच जाडीचं, टोक ताठ, तुपात पुरतं भिजलं तरी वाकलेलं नव्हतं. बाजारच्या पुडीतल्या निम्म्या वाती काडी लावतानाच आडव्या पडतात. या कुठून आणल्या म्हणून विचारलं, तर घरची बाई म्हणाली, “उमरी पठारच्या आश्रमातल्या आजी करतात.” इतकं नीट काम कोण करतं ते पाहायचं होतं, म्हणून गेले.

उमरी पठार आर्णी तालुक्यातच आहे. तिथला संत दोला महाराज वृद्धाश्रम शेषराव डोंगरे यांनी उभा केला. यवतमाळ जिल्ह्यात कुणाचा वाढदिवस असला, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी असली, की अशा आश्रमात एक वेळचं जेवण द्यायची रीत पडली आहे. जेवण लागतंच, देणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. पण आलेला माणूस या म्हाताऱ्यांना फक्त घेणारे म्हणून पाहतो आणि फोटो काढून परत जातो. त्यांच्या हातून काय होतं, ते पाहायला कुणी थांबत नाही.

पहाटेचं उठणं, आंघोळी, चहा, गोळ्या, जेवण, दुपारची डुलकी, हे कुठल्याही आश्रमात असतं तसंच. मी बसले ती पडवीत, वातीवाल्या आजींजवळ. वय ऐंशीच्या आसपास. त्या दिवसभर भिंतीला पाठ टेकून, एक पाय लांब करून बसतात. समोर सुपात कापूस, बाजूला वाटीत चमचाभर दूध आणि एका झाकणात चाळलेली राख. कापूस सरकीसकट आलेला. त्याचा तो तेलकट, धुळकट वास नाकात बसला. वेचणीच्या दिवसांत इकडच्या प्रत्येक घरात हाच वास असतो.

“जल्मभर कापूसच वेचला, पोरी. लोकायच्या वावरात,” आजी म्हणाल्या. “ओटी भरली का गाठोड्यात रिकामी करायची, पुन्हा तासाले लागायचं. आता बसून करतो, इतकाच फरक.”

त्यांचा अंगठा पाहण्यासारखा आहे. बोंडाची टोकदार कवचं टोचून टोचून नखाच्या कडेची कातडी घट्ट झाली आहे. त्याच कडेने त्या सरकी दाबून बाहेर काढतात. उरलेला कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतात, पुन्हा एकावर एक ठेवतात, पुन्हा ओढतात, तंतू सगळे एका दिशेला येईपर्यंत. मग तळहातावर रुपयाएवढी चकती पसरतात. मधोमध चिमूट धरून वर उचलतात, दुधाचं बोट लावतात आणि राखेच्या बोटांनी पीळ देतात. दुधाने तंतू चिकटून बसतात, राखेने बोट घसरत नाही. हे लिहायला जेवढा वेळ लागला, त्याच्या पाव वेळातही त्यांची वात होते.

कापसाबद्दल मात्र त्यांची तक्रार आहे. “हा गुयगुयीत हाये, बोटातून पयते. पयलेचा कापूस धरून राहे.” त्यांचं म्हणणं खरं आहे. २००२ साली बीटी वाणांना परवानगी मिळाली आणि बघता बघता शिवारं लांब धाग्याच्या संकरित कापसाने भरली. गिरणीला तोच हवा असतो. जुना देशी कापूस आखूड धाग्याचा, खरखरीत. पण तो ओल चांगली शोषतो, म्हणून दवाखान्यातल्या कापसासाठी आजही त्याला मागणी असते. वातीला जे लागतं तेच त्यात होतं.

आजींना कापूस निवडून देतात ते दारव्ह्याच्या जिनात उमेदीची वर्षं घालवलेले एक बाबा. कवडी वेगळी, पत्ती वेगळी, असा निवडा ते आजही करतात. “एका क्विंटलले चौतीस किलो रुई,” हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जायची ती शकुंतला रेल्वे त्यांच्या बोलण्यात सारखी येते. ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली ती इथला कापूस बाहेर नेण्यासाठीच. तिच्या शिटीवर जिनातली पाळी बदलायची, असं बाबा सांगतात.

टोकाला पीळ द्यायला मदत करते ती एक बंजारा म्हातारी. सगळे तिला याडी म्हणतात. तिचा देव पोहरादेवीचा, सेवालाल महाराज. वाती वळायची रीत तिच्या तांड्यातली नव्हे. तरी ती रोज येऊन बसते. का, असं विचारलं तर म्हणाली, “आमच्या महाराजाले बी दिवा लागतेच नं.” दिवेलागणीला तिघंही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला एका ओळीत बसली. विदर्भातल्या गावोगावी ही प्रार्थना होते आणि तिथे कुणी कुणाचा देव विचारत नाही. महाराज गेले १९६८ साली. बाबांनी त्यांची खंजिरी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ऐकली आहे.

दुपारनंतर फुलवाती बाजूला राहतात आणि लाख वातींचं काम सुरू होतं. लक्ष वातींचा नवस आपल्याकडे जुना. या वाती बारीक, लांब, तळहातावर वळलेल्या. शंभर झाल्या की आजी एक सरकी डब्यात टाकतात. हजार सरक्या म्हणजे लाख. लिहिता येत नाही, पण मोजणीत चूक होत नाही. दिवसाकाठी सहा-सात सरक्या पडतात. महाशिवरात्रीला महादेवापुढे सगळ्या वाती लावायच्या आहेत.

डब्याशेजारी फडक्याची एक पुरचुंडी होती. त्यात काय, विचारलं.

“चारशे बारा,” आजी म्हणाल्या.

मला कळेना. मग याडीने सांगितलं. नवस आजींचा नव्हताच. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने आषाढीला सुरुवात केली होती. दिवाळीनंतर ती गेली, तेव्हा चारशे बारा सरक्या झाल्या होत्या. तिच्या वस्तू न्यायला लेक आली, तिने लुगडी नेली, पोथी नेली. सरक्या कचरा समजून टाकत होती, त्या आजींनी मागून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी चारशे तेरावी सरकी आपल्या डब्यात टाकली. तिच्या तिच्यापाशी राहू द्याव्या म्हणून मिसळल्या नाहीत.

“नवस कायचा होता?”

“तिनं सांगतलं नाही. म्या इचारलं नाही.”

फुलवातींचे पैसे आजी घेत नाहीत. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, त्यात आपलं भागतं म्हणतात. देवाच्या कामाचे पैसे कसे घ्यायचे, असंही म्हणतात. मला हे पटलं नाही आणि मी तसं बोलले. जिल्ह्यातली देवस्थानं पुडीतल्या वाती रोख पैसे मोजून घेतातच. त्याच पैशांत इथल्या वाती घेतल्या, तर देणाऱ्याला उपकार केल्यासारखं वाटणार नाही आणि घेणाऱ्याला मिंधेपण येणार नाही. बाबांनी मान डोलावली. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तसं करायचंच असेल तर पैसे याडीच्या चष्म्याला लावावे, तिला पीळ दिसत नाही.

निघताना पिशवीतून आणलेलं फरसाण पुढे केलं. कोपऱ्यात तशीच चार पाकिटं आधीची पडली होती.

“पुढच्या टायमाले हे आनू नको,” आजी म्हणाल्या. “कोनाच्या वावरात देशी कापूस भेटला त घेऊन ये. पायलीभर बी पुरे. सरकीसकट आन पन, मोजाले लागते.”