कुजक्या लाकडात स्क्रू

वनखात्यात नोकरी झाली, त्यातली बरीचशी आलापल्लीच्या सागवनात. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये आमच्याच भागातलं सागवान गेलं. कुठलं खोड आतून पोकळ आहे ते मी नुसतं ठोकून सांगायचो. स्वतःच्या खांद्याच्या बाबतीत मात्र पार फसलो.

पावसाळ्यात मोटारसायकल घसरली आणि उजव्या हातावर आदळलो. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, म्हणून आठ महिने शेक, मालिश, गोळ्या. फाटलेली कंडरा एक्स-रेत दिसत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

खुब्याचा सांधा म्हणजे द्रोणात ठेवलेला लाडू. खांद्याचा लाडू मात्र पत्रावळीवर आहे. तो घरंगळू नये म्हणून फऱ्यापासून निघालेले चार स्नायू कंडरांनी त्याला चहूकडून धरतात. यालाच रोटेटर कफ म्हणतात. वरची कंडरा तुटली की लाडू वर सरकतो, हाडाला घासतो आणि रात्री कुशीवर झोपणं मुश्कील होतं. दोन किंवा जास्त कंडरा तुटल्या, की डॉक्टर त्याला मोठी फाट म्हणतात. शेवटी एमआरआय काढला, तर माझ्या दोन गेल्या होत्या.

दुर्बिणीतून शिवण झाली. हाडात बारीक स्क्रू बसवून त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा ओढून बांधली. सहा आठवडे हात झोळीत ठेवायचा होता. पाचव्या आठवड्यात पाऊस आला, अंगणात धानाचं पोतं भिजत होतं, मी ओढलं. महिनाभरानं घरच्या म्हणाल्या, "काऊन जी, हात वर होऊन नाही राहिला?" कारण मला माहीत होतं. बोललो नाही.

दुसऱ्या एमआरआयनंतर नागपूरच्या सर्जननं पडद्यावर बोट ठेवलं. स्नायू करडा दिसायला हवा, तिथं पांढरे पट्टे होते. तुटलेल्या कंडरेचा स्नायू बसून राहिला की त्यात चरबी भरते आणि ती सहसा परत जात नाही. गुटालिये या फ्रेंच डॉक्टरांनी १९९४ मध्ये तिची प्रतवारी लावली. स्नायूइतकीच चरबी दिसली, तर पुन्हा शिवलेलं टिकण्याची आशा कमी. मला लगेच समजलं: कुजक्या लाकडात स्क्रू फिरतो, धरत नाही.

मग त्यांनी विचारलं, "हातानं काय करायचंय तुम्हाला?" मला हा प्रश्न फालतू वाटला होता. पण सगळं त्यावरच ठरतं.

नुसतं दुखणं कमी हवं असेल आणि हात बऱ्यापैकी उचलता येत असेल, तर आधी व्यायाम. बाहेरचा मोठा स्नायू, डेल्टॉइड, शिकवला तर बरंच काम ओढून नेतो. काहींना दुर्बिणीतून साफसफाई आणि दंडाची दुखरी कंडरा सोडवणं एवढ्यानं आराम पडतो. काहींना लाडू आणि वरच्या हाडामध्ये जागा राखायला फुगा ठेवतात, तो काही महिन्यांत विरघळतो. मला तो तात्पुरता टेकू वाटला. जपानच्या मिहाता यांनी मांडीतला चिवट पडदा काढून लाडवावर छतासारखा शिवायची पद्धत काढली. सांधा झिजलेला नसेल तरच ती चालते.

माझ्या बाजूच्या खाटेवर कोळसा खाणीतला चाळिशीचा गडी होता. त्याला हात बाहेर वळवता येत नव्हता. हात पोटाशीच राहायचा. त्याच्या पाठीचा रुंद स्नायू सोडवून खांद्याला जोडला. स्वित्झर्लंडच्या गेर्बर यांनी ही पद्धत १९८८ मध्ये मांडली. पाठीच्या स्नायूला नवं काम शिकवायला महिने लागतात. वय त्याच्या बाजूनं होतं.

माझं वय पासष्ट, सांधा झिजलेला, हात छातीच्या वर जाईना. मला उलटा खांदा बसवला. फ्रान्सच्या दिजाँ गावचे पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये बनवलेली ही युक्ती: चेंडू फऱ्यावर आणि वाटी दंडाच्या हाडावर. सांध्याचा मध्य आत आणि खाली सरकतो, त्यामुळे डेल्टॉइड एकटाच हात उचलू शकतो. मात्र त्या स्नायूची नस जिवंत हवी. जंतू लागण्याचा, सांधा निखळण्याचा धोका असतो. तरुणाला हा सहसा शेवटचा उपाय म्हणून देतात, कारण यंत्र झिजतं.

आता मी दुपट्टा डोक्याला बांधतो, दोरीवर कपडे वाळत घालतो. हात मागे वळत नाही, सदरा मागून खोचायला घरच्यांना हाक मारावी लागते. कुऱ्हाड बंद.

ऑपरेशनाइतकाच मोठा प्रश्न नंतरच्या व्यायामाचा आहे. मी मूल गावचा, व्यायामासाठी चंद्रपूरला बसनं जाऊन आलो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. तिथला माणूस फिजिओथेरपीला कसा येणार? ऑपरेशनची तारीख ठरवताना पावसाळा आणि रोवणी बघा, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. जनआरोग्य योजनेत कुठलं ऑपरेशन बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

आणि पहिल्या ऑपरेशनचा कागद आणि एमआरआयची सीडी फेकू नका. आत कुठले स्क्रू आहेत, हे दुसऱ्या सर्जनला त्यावरूनच कळतं. माझी सीडी धानाच्या कोठीमागे सापडली.