मोटरहोममधला फ्रीज आणि जमिनीचा उतार



अमेरिकेत किंवा युरोपात मुलांकडे गेलेली बरीच मराठी कुटुंबं भाड्याचं मोटरहोम घेऊन फिरायला निघतात. किल्ली देताना मालक हमखास बजावतो, "मुक्कामाला गाडी सपाट लावा, नाहीतर फ्रीज बिघडेल." ऐकणाऱ्याला वाटतं, गाडी तिरकी असेल तर झोप नीट लागणार नाही, हे समजू शकतो. पण फ्रीजचा काय संबंध? घरचा फ्रीज तर जरा कलला तरी बिनतक्रार चालतो.

हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे, म्हणून आजचा भाग त्यावरच. फ्रीजमध्ये नुसती भाजी आणि दूध असेल तर नुकसान थोडक्यात निभावतं. पण आजोबांचं इन्सुलिन असेल तर? न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. फ्रीज रात्री गुपचूप थंडावा द्यायचा थांबला, तर सकाळपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

आधी फरक समजून घेऊ. आपल्या घरच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर असतो, म्हणजे विजेवर चालणारा पंप. तो वायूला जोर लावून फिरवतो. अनेक मोटरहोममध्ये मात्र वेगळाच फ्रीज असतो, शोषण पद्धतीचा. त्यात पंप नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. तो चालतो उष्णतेवर: गॅसची छोटी ज्योत किंवा विजेचा हीटर. ज्योतीने थंडावा मिळतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना शोधली. रानात, विजेशिवाय, आवाज न करता चालतो, म्हणून फिरत्या घरासाठी तो सोयीचा ठरला.

आता आतली गंमत बघा. बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेले असतात. खाली बॉयलरमध्ये अमोनिया मिसळलेलं पाणी तापतं. त्यातून उठणारे बुडबुडे द्रवाला एका बारीक नळीतून वर ढकलतात. हाच इथला पंप. वर गेल्यावर अमोनियाची वाफ वेगळी होते, फ्रीजच्या मागच्या जाळीत गार होऊन द्रव बनते आणि उतारावरून आत येते. तिथे हायड्रोजनच्या सोबतीत ती पुन्हा वाफ होते, आणि वाफ होताना फ्रीजमधली उष्णता ओढून घेते. पुढे वळणावळणाच्या नळीत, उतारावरून ओघळणारं पाणी हा अमोनिया शोषून घेतं आणि सगळं परत बॉयलरकडे येतं.

या वर्णनात 'उतार' शब्द दोनदा आला, तोच आजचा मुद्दा. बुडबुड्यांनी द्रव वर नेला की पुढचा सगळा प्रवास वजनाने, खालच्या दिशेने. कौलारू घराची पन्हळ आठवा. तिला थोडासा उतार दिलेला असतो, म्हणून पाणी एका टोकाला वाहतं. पन्हळ कलली की पाणी मध्येच साचतं. फ्रीजच्या नळ्यांचा उतारही असाच बेताचा आहे. गाडी जास्त कलली की द्रव नळीच्या वळणात अडकतो आणि बॉयलरकडे परतत नाही. ज्योत मात्र जळतच राहते.

खरं नुकसान इथे होतं. नळ्यांना आतून गंज लागू नये म्हणून त्या पाण्यात सोडियम क्रोमेट नावाचं रसायन घातलेलं असतं. बॉयलर कोरडा पडून अति तापला की ते रसायन बिघडतं, त्याचे कण तयार होतात आणि बुडबुड्यांची बारीक नळी बुजवायला लागतात. नंतर गाडी सपाट केली तरी ते कण विरघळत नाहीत. म्हणजे थोडं थोडं नुकसान साठत जातं, आणि एक दिवस फ्रीज गार होणंच थांबवतो. सीलबंद यंत्रणा असल्याने पूर्ण कूलिंग युनिटच बदलावं लागतं.

मग किती कल चालतो? अनेक मॉडेलांच्या पुस्तिकेत फ्रीजसमोर उभं राहून डावीकडे-उजवीकडे ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश, अशी मर्यादा असते. तुमच्या फ्रीजची पुस्तिका सांगेल तेच अंतिम. इथे एक खुबी आहे. या बाजू फ्रीजच्या आहेत, गाडीच्या नव्हेत! फ्रीज बहुतेक वेळा गाडीच्या बाजूच्या भिंतीला असतो. अशा वेळी फ्रीजची डावी-उजवी म्हणजे गाडीची लांबी. चाकांमधलं अंतर लांबीच्या दिशेने ४ मीटर असेल, तर ३ अंश म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २१ सेंटिमीटरचा फरक. तेवढा उतार डोळ्याला सहज दिसतो, पण थकून पोहोचल्यावर आपण दुर्लक्ष करतो.

आता गाडी सपाट कशी करायची? गवंड्याकडे असते तशी छोटी पाणसळ फ्रीजमध्येच, फ्रीझरच्या तळावर ठेवा, एकदा आडवी, एकदा उभी. गाडीच्या फरशीवर ठेवून उपयोग नाही, फरशी आणि फ्रीज एका पातळीत असतीलच असं नाही. आधी आडवा कल काढा: खालच्या बाजूच्या चाकांपुढे ठोकळे किंवा उतरता रॅम्प ठेवून सावकाश गाडी चढवा. मग लांबीचा कल. टायर पूर्ण ठोकळ्यावर बसला पाहिजे, आणि मागे जोडचाकं असतील तर दोन्ही. हँडब्रेक लावा, चाकांना अडकण लावा. कोपऱ्यातले साधे आधार-जॅक हेलकावे थांबवण्यासाठी असतात, त्यांनी गाडी उचलू नका.

रस्त्यावर धावताना काळजी नको. कल सारखा बदलतो, द्रव हिंदकळून पुढे सरकत राहतो. धोका उभ्या गाडीत. चढावर जेवायला थांबलात तर फ्रीज बंद करा आणि दार उघडू नका, तेवढा वेळ आतला गारवा टिकतो. आत एक थर्मामीटर ठेवा, औषध असेल तर नक्कीच. आणि अमोनियाचा झोंबणारा वास आला किंवा मागे पिवळी पूड दिसली, तर हात लावू नका. फ्रीज आणि गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या आणि जाणकाराला बोलवा.

भारतातल्या कॅराव्हॅनमध्ये कॉम्प्रेसरचा फ्रीज असू शकतो, आणि तो कलाला बराच सहनशील असतो. म्हणून गाडी भाड्याने घेताना आधी एकच प्रश्न विचारा: हा फ्रीज गॅसवर चालतो का? उत्तर 'हो' आलं, तर पाणसळ पिशवीत टाका.

भेटू पुढच्या भागात.