पारंपरिक मल्लविद्येतील प्रतीकात्मक हस्तसंकेत : वऱ्हाडातील कुस्तीच्या संदर्भात

प्रस्तावना

युद्धकलांचा विचार करताना बळ, शस्त्र आणि डावपेच यांवरच प्रामुख्याने भर दिला जातो. तथापि झुंजीच्या आधी व नंतर हातांनी करावयाच्या ठरावीक कृतींचेही या कलांमध्ये महत्त्वाचे स्थान असते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला वाशीम जिल्हा हा वऱ्हाडचा भाग होय. यात्रा-उत्सवांच्या निमित्ताने कुस्त्यांची दंगल भरविण्याची परंपरा या प्रदेशात आहे. अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने येथील व्यायामपरंपरेला संस्थात्मक रूप दिले. या पार्श्वभूमीवर कुस्तीतील हस्तसंकेतांचा अर्थ स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुद्रा आणि संकेत

मुद्रा ही संज्ञा उपासना, योग, नृत्य व मूर्तिशास्त्र यांत रूढ आहे. बौद्ध तांत्रिक परंपरेतून आलेल्या नऊ हस्तमुद्रा जपानमधील काही जुन्या युद्धकला-संप्रदायांत आढळतात. चिनी युद्धकलेत उजवी मूठ डाव्या तळव्याला टेकवून अभिवादन केले जाते. कुस्तीत मात्र अशा शास्त्रबद्ध मुद्रा नाहीत. तेथील कृती अनुकरणातून रूढ झालेल्या आहेत. म्हणून त्यांना 'हस्तसंकेत' म्हणणे अधिक उचित ठरते. अशा संकेतांत तीन प्रमुख होत.

१. मातीस्पर्श : आखाड्यात उतरताना मल्ल वाकून मातीला हात लावतो व तो कपाळी नेतो. त्यानंतर तो स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला माती लावतो. यामागील व्यावहारिक कारण उघड आहे. घामाने निसरड्या झालेल्या अंगावर पकड बसत नाही, मातीमुळे ती बसते. परंतु स्वतःच्या अंगाला माती लावणारा मल्ल प्रतिस्पर्ध्यालाच पकड मिळवून देत असतो. निसटण्याचा सोपा मार्ग स्वतःहून सोडून देणे, हा या संकेताचा नैतिक आशय होय.

२. सलामी : दोन्ही मल्लांचे हात एकमेकांस भिडल्याखेरीज कुस्तीला प्रारंभ होत नाही. उघडा तळवा नि:शस्त्रतेची खूण आहे, तर हाताला हात लावणे ही झुंजीस दिलेली संमती आहे. तत्पूर्वी केलेला हल्ला कुस्ती ठरत नाही, ती मारामारी ठरते. जातिभेदाने स्पर्शावर बंधने घातलेल्या समाजात या स्पर्शाला सामाजिक अर्थही प्राप्त होतो. अर्थात, आखाड्याचे दार सर्वांना सर्वकाळ सारखेच खुले होते, असे मानता येत नाही. मात्र एकदा जोड लागली की समोरच्याचा हात नाकारता येत नाही, हे सलामीचे सामर्थ्य आहे.

३. शड्डू : तळवा किंचित पोकळ करून मांडीवर वा दंडावर मारला असता मोठा आवाज निघतो. हे आव्हान असले तरी आघात स्वतःच्याच देहावर होतो. आक्रमकता व्यक्त करूनही ती मर्यादेत ठेवण्याची ही रीत आहे. या कृतीला प्राचीन आधार आहे. महाभारतातील द्वंद्ववर्णनांत बाहू थोपटल्याचे उल्लेख येतात. भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धात अर्जुन स्वतःच्या डाव्या मांडीवर थाप मारून भीमाला सूचना देतो. एकच कृती आव्हानही होते आणि गुप्त इशाराही. संदर्भ बदलला की संकेताचा अर्थ बदलतो, हे यावरून दिसते.

स्थित्यंतर

१९६१ पासून सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग रूढ झाले. गादीवर अंगाला माती लावण्याचे प्रयोजन उरत नाही. हस्तांदोलन टिकते, पण ते नियमपुस्तकाचा भाग बनते. संकेतांचे केंद्र पंचांकडे सरकते. त्यांच्या एका मनगटावर लाल व दुसऱ्यावर निळी पट्टी असते, आणि उंचावलेली बोटे गुण दर्शवितात. ही भाषा अचूक आहे, परंतु ती निर्णयाची आहे, नात्याची नाही. तरीही गादीला हात लावून तो कपाळी नेणारे मल्ल आजही दिसतात. माती गेली तरी संकेत टिकून आहे. २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. पौरुषाशी जोडला गेलेला शड्डू यापुढे केवळ पुरुषांचा मानता येणार नाही.

निष्कर्ष

निवडणुकीच्या बातम्यांत 'शड्डू ठोकला', 'दंड थोपटले' हे वाक्प्रचार सर्रास येतात. आखाडा न पाहिलेल्या वाचकालाही त्यांतील आव्हान कळते. मात्र त्याआधीची माती आणि सलामी वाक्प्रचारात उतरलेली नाही. आव्हान भाषेत उरले, संयम मात्र आखाड्यातच राहिला. डावांचे वर्णन पुस्तकात छापता येते, संकेत पाहूनच शिकावे लागतात. त्यामुळे जुन्या वस्तादांच्या हयातीतच या संकेतांचे चित्रीकरण व अर्थनोंद होणे आवश्यक आहे. शारीरिक शिक्षण, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे असे हे काम आहे. प्रतिस्पर्ध्याला शत्रू न मानता झुंजता येते, हे शिकविणारी ही परंपरा महाविद्यालयीन शिक्षणाच्या कक्षेत येणे अगत्याचे आहे.